फाशांचे सतरा कागद

संगीताबद्दल मी लिहावं हे धाडसच आहे, म्हणून आधीच माफी मागून घेतो. मला सूर कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. रोज सकाळी पट्टीवरची पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. त्यांना काय किंवा मला काय, आकडे जेवढे कळतात तेवढं गाणं कधी कळलं नाही. पन्नासच्या दशकात ज्या अमेरिकन संगीतकारांनी जर्मनीतल्या तरुण मंडळींना वेड लावलं, त्यांच्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं असेल. माझा त्यांच्यापैकी एकाशी दोन आठवडे संबंध आला, तोही आकड्यांमुळे. त्या दोन आठवड्यांत माझ्या हातून जे झालं ते मी बायकोलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. तेवढंच सांगायचं आहे. संगीताबद्दल काही चुकीचं लिहिलं गेलं तर वाचकांनी ते माझ्या अज्ञानावर सोडून द्यावं.

मी ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या एका गावी, तिथल्या तांत्रिक विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकत होतो. गावाचा मधला भाग बॉम्बहल्ल्यात गेलेला होता. त्या रिकाम्या जागी नवं नाट्यगृह, नवं सभागृह असं बांधकाम चाललेलं असे. अशा सभागृहांच्या भिंतींना लाकडाच्या तंतूंच्या, दाबून केलेल्या फळ्या लावत. त्या फळ्या किती आवाज पितात हे मोजायचं काम माझ्याकडे होतं. इन्स्टिट्यूटच्या तळघरात ‘हालराउम’ नावाची खोली होती. तिच्या भिंती इतक्या टणक की आत टाळी वाजवली तर आवाज कितीतरी वेळ घुमत राही. तिथे फळ्या लावायच्या, शर्यतीत वाजवतात तसलं पिस्तूल वाजवायचं आणि आवाज विरायला किती वेळ लागला ते वाचून वहीत लिहायचं. वडिलांच्याच कामाची ही पुढची इयत्ता, असं मला मनातल्या मनात वाटे.

माझी शिष्यवृत्ती त्या शरदात संपत होती. डिप्लोम पुरं व्हायला आणखी एक वर्ष हवं होतं आणि ते वर्ष मिळणं प्रोफेसरांच्या एका पत्रावर अवलंबून होतं. पत्र नाही तर परतीची बोट. गावी जाऊन काय सांगणार? अर्धवट शिकून आलो म्हणून? आमच्याकडे अर्धवट शिकलेला आणि न शिकलेला यात लोक फरक करत नाहीत, आणि केलाच तर अर्धवटाला जास्त हसतात.

ईस्टरच्या सुट्टीत इमारत शांत असते म्हणून मी एकट्याने चारशे वाचनं घेतली. त्यांचा हिशेब प्रोफेसरांनी स्वतः पूर्वी छापलेल्या आलेखाच्या खाली आला, म्हणजे त्यांनी म्हटलं होतं त्यापेक्षा फळ्या कमी आवाज पीत होत्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्यांची तांत्रिक सहायक, पस्तिशीची एक फ्राऊलाइन (बिनलग्नाच्या बाईला तिथे असंच म्हणत), कोपऱ्यात टंकलेखन करत होती.

“हे कुणी पाहिलं?” प्रोफेसरांनी वही उघडीच ठेवून विचारलं.

“कुणी नाही, हेर प्रोफेसर. सुट्टी होती.”

“आल्झो, म्हणजे सुट्टीत, एकट्याने, चारशे वाचनं. आणि सगळी माझ्याविरुद्ध.”

“तुमच्याविरुद्ध नाहीत, हेर प्रोफेसर. फळ्यांविरुद्ध आहेत.”

मी हे अगदी मनापासून म्हणालो होतो. कोपऱ्यातलं टंकलेखन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की यापूर्वी एका विद्यार्थ्याने त्यांना घरी बसून बनवलेले आकडे आणून दिले होते आणि ते त्यांनी आपल्या नावाने छापले होते. “तसं पुन्हा होणार नाही,” ते म्हणाले. “पत्राचं जुलैअखेर बघू. तोवर तुम्हाला एक वेगळं काम देतो.”

ते वेगळं काम म्हणजे तो अमेरिकन.

उन्हाळ्यात गावात नव्या संगीताचे वर्ग भरत. इटली, फ्रान्स, पोलंडहून तरुण संगीतकार येत. टेपरेकॉर्डर आणि ध्वनिवर्धक आमची इन्स्टिट्यूट देई, त्यामुळे त्यांची आमच्याकडे ये-जा असे. या वर्षी अमेरिकेहून आलेले पाहुणे साठीच्या आसपासचे होते, अंगाने रुंद, आवाज शाळामास्तरासारखा. आल्या आल्या ट्रामच्या पायरीवरून पडून त्यांनी उजवं मनगट मोडून घेतलं होतं. दोन आठवड्यांनी त्यांची नवी रचना नव्या सभागृहात वाजायची होती आणि ती अजून पुरती लिहून झाली नव्हती.

“मला तुमचं मत नको आहे,” पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. “मला तुमचा हात हवा आहे.”

त्यांनी चामड्याचा एक पेला पुढे केला. आत दोन फासे होते, एक लाल, एक पांढरा. भिंतीवर त्यांनी छत्तीस घरांचा तक्ता लावला होता. लाल फाशाने ओळ ठरायची, पांढऱ्याने रकाना. जे घर निघेल त्यात काय लिहिलं असेल ते वाजवायचं: कुठे एक सूर, कुठे चार सूर एकदम, कुठे टेपवरची खरखर. सहा घरं साफ कोरी होती. किती वेळ वाजवायचं, किती मोठ्याने वाजवायचं, तेही फाशांनीच ठरायचं. मी फासे टाकून आकडे कागदावर लिहायचे, एका कागदावर दोनशे दानं, आणि ते डाव्या हाताने पट्टी धरून पुढचं काम करणार. एकूण सतरा कागद.

माझ्या वडिलांनी एकदा मजुरांचा पत्त्यांचा कॅट कालव्यात भिरकावून दिला होता. फासे मी आयुष्यात प्रथमच हातात घेत होतो, तेही सातासमुद्रापार, विद्यापीठाच्या इमारतीत, प्रोफेसरांच्या सांगण्यावरून. मला हे सगळं खरं वाटेना. ही माझी परीक्षा तर नाही? हा कंटाळवाणं काम किती इमानाने करतो, हे पाहायला मला इथे बसवलं असेल. नाहीतर आवाज पिणाऱ्या फळ्या मोजणाऱ्याला सोंगट्या खेळायला कोण पाठवतं?

“न आवडणारा आकडा आला तर?” मी भीत भीत विचारलं.

“तर मला न आवडणारं ऐकायला मिळेल,” ते म्हणाले. “मला आवडणारं मी चाळीस वर्षं ऐकलं आहे.”

मी फासे टाकत होतो. त्या आवाजाने शेजारच्या खोलीत फ्राऊलाइनचं काम होईना म्हणून तिने पियानोच्या दुरुस्तीतला जुना नमदा, लोकरीचं जाड कापड, आणून टेबलावर पसरला. मधल्या सुट्टीत अमेरिकन पाहुणे कॉफी पिताना आपल्याकडच्या लोकांच्या गोष्टी सांगत. आधीच्या पिढीतला एक जण जन्मभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी लिहायचा आणि लिहिलेलं पेटीत टाकायचा. एकाने नेहमीच्या वाद्यांत आपले सूर सापडत नाहीत म्हणून सुतारकाम शिकून स्वतःची वाद्यं बनवली. ते स्वतः मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. त्यांची रचना त्यांच्या देशात वीस वर्षांत मोजून तीनदा वाजली होती, त्यातल्या एका वेळी श्रोत्यांत त्यांची बहीण आणि सभागृहाचा रखवालदार एवढेच होते.

“रखवालदाराला आवडलं?” मी विचारलं.

“तो म्हणाला, पियानो दुरुस्तीला टाकलाय का?”

ते स्वतःच मोठ्याने हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, रखवालदाराचं बरोबर असेल तर?

पण गावातली तरुण मुलं त्यांच्या मागे मागे फिरत होती. लढाईच्या आधी त्यांच्या राज्यकर्त्यांनी काय ऐकायचं ते ठरवून दिलं होतं, लढाईनंतर त्यांचे मास्तर ठरवून देत होते. या माणसाने कुणीच काही ठरवायचं नाही म्हटल्यावर त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं असावं. हे मला आता समजतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की चांगली शिकलेली मुलं एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात आणि म्हातारा फाशांकडे.

बारा कागद मी प्रामाणिकपणे भरले. दोन हजार चारशे दानं. हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

त्या रविवारी माझा मित्र आला. तो मूळचा पुण्याचा, लुडविग्सहाफेनला रसायनाच्या कारखान्यात डॉक्टरेटचं काम करणारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. रविवारी कधी मी त्याच्याकडे जाई, कधी तो माझ्याकडे येई. इथे मिल्शराइस म्हणून खिरीचे जाड तांदूळ मिळत, त्यांचाच गिचका भात आणि बटाट्याची भाजी असा बेत असे.

“म्हणजे तू आता फासे टाकतोस,” तो भात चिवडत म्हणाला. “छान. मोसंबी सोलायला इंजिनियर ठेवल्यासारखं आहे. आणि लोक हे ऐकतात?”

“लांबून लांबून येतात.”

“आमच्या पेठेत गाणारा बेसूर झाला की लोक उठून जातात. इथे मुद्दाम बेसूर करायला अमेरिकेहून माणूस आणलाय. त्याचा खर्च कोण करतं रे?”

“रेडिओवाले असतील.”

“असतील म्हणजे? लेका, तू विचारलं नाहीस?” त्याने ताट बाजूला सारलं. “ज्या माणसाला स्वतःच्या देशात कुणी विचारत नाही, त्याला इथे एवढा मान का? कुणीतरी पाठवल्याशिवाय?”

मी एक कागद अंदाज घ्यायला खोलीवर आणला होता, कुठली दानं किती वेळा आली ते मोजत होतो. तो त्याने उचलला. त्याचा चेहरा बदलला.

“हे नुसते आकडे आहेत.”

“हो. मग काय असणार?”

“पाच-पाचच्या गटांत?”

“मोजायला सोपं जातं म्हणून.”

“शहाण्या, गुप्त निरोप असेच पाठवतात. कशालाही कशाचा संबंध नसलेले आकडे. दोन माणसांकडे सारखाच कागद असला की झालं, तिसऱ्याच्या बापाला वाचता येत नाही. पूर्वेची सरहद्द इथून किती लांब आहे? आणि हे अक्षर कुणाचं आहे?”

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“तुझं,” तो म्हणाला. “त्याचं मनगट मोडलंय म्हणे. बघितलंस का प्लास्टरच्या आत?”

शेवटचं वाक्य त्याने चेष्टेत म्हटलं असावं. तो चेष्टा आणि गंभीर बोलणं एकाच चेहऱ्याने करत असे. पण तो गेल्यावर मी तो कागद पुन्हा पाहिला आणि मलाही ते संगीत वाटेना.

सोमवारी दुपारी अमेरिकन पाहुणे सभागृहात गेले होते. पाच कागद उरले होते आणि ते संध्याकाळपर्यंत हवे होते. मी पेला उचलला आणि खाली ठेवला.

आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वह्यांत रीडिंग ‘कुक’ करायची पद्धत होती. उत्तर काय यायला हवं ते माहीत असे, मग तिथून उलटं येत वाचनं लिहायची. मी तसं कधी केलं नव्हतं. पण करणारी मुलं माझ्या शेजारीच बसत, त्यामुळे कसं करतात ते मला पाठ होतं: फार सुबक करायचं नाही, थोडी चूक पेरायची, एकच आकडा लागोपाठ आणायचा नाही, तपासणाऱ्याला शंका येते.

मी विचार केला, ही बनवाबनवी असेल तर माझ्या बनवाबनवीने कुणाचं काय जातं? गुप्त निरोप असतील तर चुकीचे आकडे लिहिणं हे उलट चांगलंच. आणि संगीत असेल तर फाशाने काढलेला चार आणि माझ्या मनात आलेला चार यात कुणाला काय फरक ऐकू येणार? अशी तिन्ही बाजूंनी मी स्वतःची समजूत काढली. खरं कारण यांपैकी एकही नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला होता. माझ्या खऱ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं आणि याच्या फाशांसाठी सभागृह उघडलं जात होतं.

मी पाचही कागद बसल्या बसल्या लिहून काढले. सगळ्या आकड्यांना सारखी पाळी मिळेल, कुणावर अन्याय होणार नाही अशा बेताने. मधूनमधून पेला नुसताच खुळखुळवत होतो, शेजारच्या खोलीत फ्राऊलाइनला ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी कागद घेतले. पहिले बारा त्यांनी एकेक करून वापरले होते. तेराव्यावर त्यांचं डावं बोट रकान्यातून हळूहळू खाली गेलं, मग चौदाव्यावर.

“हे याच टेबलावर टाकले?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“याच फाशांनी?”

“हो, सर.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांनी पाचही कागद वेगळ्या करड्या फाइलीत ठेवले. त्या दिवशी त्यांनी मला आणखी काही सांगितलं नाही. दुपारी मी जिन्यात होतो तेव्हा ते ती फाइल आणि आधीचे बारा कागद काखेत धरून प्रोफेसरांच्या खोलीत शिरताना दिसले.

तासाभराने फ्राऊलाइन माझ्याकडे आली. “तुमची मोजमापांची वही द्या,” ती म्हणाली. “हेर प्रोफेसरांनी मागितली आहे.”

“का?”

“मला विचारू नका.”

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे सांगणं कठीण आहे. प्रोफेसर जिन्यात भेटले की “गुटेन टाग” म्हणत आणि मला त्यात नेहमीपेक्षा कमी शब्द ऐकू येत. फ्राऊलाइनच्या टेबलावर माझी वही आणि ते कागद शेजारी शेजारी उघडे दिसले. ती पेन्सिलीने काहीतरी मोजत होती. मी दारात उभा राहिलेला पाहून तिने त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. माझी खात्री पटली. या माणसाने लबाडी पकडली आहे, प्रोफेसरांना दाखवली आहे, आणि जो फाशांचे आकडे बनवतो तो वाचनंही बनवत असणार असा हिशेब त्या टेबलावर चालला आहे. माझी चारशे वाचनं खरी होती. पण आता ती खरी आहेत असं मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

दोनदा मी अमेरिकन पाहुण्यांकडे कबुली द्यायला गेलो. पहिल्यांदा त्यांच्याभोवती तरुण मुलं होती. दुसऱ्यांदा ते एकटे होते.

“बोला,” ते म्हणाले.

“मनगट कसं आहे?” मी विचारलं.

“खाजतं.”

एवढंच बोलणं झालं. मला वाटलं, यांनी सांगितलं नसेल तर मी कबूल करून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ? आणि सांगितलं असेल तर आता कबूल करून काय उपयोग? संशयाची ही एक सोय असते. कुठल्याही बाजूने विचार करा, गप्प बसायला कारण मिळतं.

कार्यक्रमाला मी गेलो. मित्रही आला, “पुरावा म्हणून” असं म्हणत. पियानो, दोन व्हायोलिन, एक ट्रॉम्बोन आणि चार ध्वनिवर्धक. पहिली दहा मिनिटं लोक ऐकत होते. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, त्यांनी पत्नीला कोट घालायला मदत केली आणि दोघं मधल्या वाटेने संथपणे बाहेर पडले. तरुण मुलं त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागली. या गोंधळातही वादक समोरचा कागद इमानाने वाजवत होते.

मी मात्र आकडे मोजत होतो. शेवटचा भाग कुठे सुरू होतो ते मला माहीत होतं. तो आला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो. ट्रॉम्बोनचा एक लांब सूर निघाला, मग काहीच नाही, मग पुन्हा तोच सूर, तेवढाच लांब. हे मी लिहिलं, असं मला वाटलं. आधीच्या भागात आणि यात कुणालाही फरक ऐकू येत नाही. लाजेच्या खाली कुठेतरी, खोटं कशाला बोलू, मला अभिमानही वाटत होता.

“यातलं तुझं कुठलं?” मित्राने कानात विचारलं. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, त्याला सगळंच माझं वाटत होतं.

“कळत नाही,” मी म्हणालो.

“मग नक्की चांगलं असणार.”

पाहुणे निघाले त्या दिवशी त्यांची बॅग उचलायला मी स्टेशनवर गेलो. गाडी यायला वीस मिनिटं होती. आज बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला विचारलं, पुढे काय करणार? मी म्हणालो, ते प्रोफेसरांच्या पत्रावर आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी ऐकायची वाट पाहत होते असं मला तेव्हाही वाटलं होतं. मी म्हणालो, “तुमची गाडी आली.” त्यांनी डाव्या हाताने माझा डावा हात हातात घेतला आणि चढले.

चार दिवसांनी प्रोफेसरांनी बोलावून वही परत केली. पत्र टंकून तयार होतं. त्यांनी माझ्यासमोर सही केली.

“फळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझ्या वेळी खोलीचं दार नीट बसत नव्हतं, आवाज तिथून निसटत होता. शरदात आपण दोघं पुन्हा मोजू.”

मी आभार मानले, आणि का ते विचारलं नाही. मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सही झाली ना? मग गप बस. जर्मन माणसाला सहीनंतर प्रश्न विचारायचा नसतो, तो पुन्हा वाचायला घेतो.” पण मला चैन पडेना. वर्षभर मला वाटायचं, हे कधीतरी बाहेर काढतील. डिप्लोम हातात पडलं तेव्हाही मी आधी मागची बाजू पाहिली.

पुढे न्युरेम्बर्गला एका मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. माझं काम टेलिफोनच्या तारांतल्या खरखरीचं, म्हणजे ज्याला काही नियम नाही अशा आवाजाचं मोजमाप. साठच्या दशकात तशा संगीताच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या. दुकानात ती रचना दिसली तेव्हा मी घेतली. बायकोने एकदा ऐकून, “अहो, सुई खराब झालीय का?” असं विचारलं. शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा लावत असे. कामाच्या निमित्ताने मला एव्हाना समजलं होतं की खऱ्या फाशांत एकच आकडा लागोपाठ दोनदा, तीनदा सर्रास येतो, आणि मनाने लिहिणारा माणूस नेमका तोच टाळतो. इतकी वर्षं असल्या आकड्यांत राहिलेल्या त्या अमेरिकन माणसाला तेराव्या कागदावर एक नजर पुरली असणार. मग ते बोलले का नाहीत? आणि बोलले असतील तर मी इथे कसा?

प्रोफेसर निवृत्त झाले त्या वर्षी फ्राऊलाइनचं पत्र आलं. कपाट रिकामं करताना करडी फाइल सापडली, ती माझी आहे, पाठवू का, असं तिने विचारलं होतं. खाली तिने त्या दुपारची हकिकत लिहिली होती, मला ती ठाऊकच असेल असं समजून.

अमेरिकन पाहुण्यांनी बाराही कागद आणि माझे पाच प्रोफेसरांच्या टेबलावर मांडले होते. ते म्हणाले होते, “हे बारा खरे आहेत आणि हे पाच त्याने बनवले आहेत. ज्याला इतकी वाईट लबाडी करता येते, त्याला तिची सवय नसणार. हा मुलगा आकडे बनवतो तेव्हा ते कसे दिसतात हे आता तुम्हाला माहीत आहे. त्याची वही काढा आणि बघा.” फ्राऊलाइनने तीन दिवस मोजलं. बनवलेल्या हजार दानांत लाल फाशाचा आकडा लगेच पुन्हा तोच आला असं फक्त नऊदा झालं होतं, खऱ्या फाशांत ते दीडशेहून जास्त वेळा होतं. वहीत मात्र कुठे एकच वाचन चार-चार वेळा ओळीने लिहिलेलं होतं, तर कुठे एखादं एकटंच लांब पडलेलं होतं. बनवणाऱ्या माणसाला तसं लिहायचं धाडस झालं नसतं, असं प्रोफेसरांनी स्वतः म्हटलं आणि पत्र टंकायला सांगितलं.

तुम्ही आपणहून सांगाल तर बरं, म्हणून कुणी विषय काढू नये अशी पाहुण्यांची विनंती होती, असं तिने लिहिलं होतं. ते मागच्या हिवाळ्यात वारले, हेही लिहिलं होतं. शेवटचे पाच कागद त्यांनी तेव्हाच बाजूला ठेवले होते आणि दोन दिवस खोलीत बसून ती हजार दानं डाव्या हाताने पुन्हा टाकली होती. माझा एकही बनवलेला आकडा त्या रचनेत कधी वाजलेला नाही.